इडुक्कीतली कोको-कॉफीची बाग : चाखत चाखत चार तास

रानवाटा
जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुन्नारहून कोचीकडे उतरताना वाटेत अडिमालीजवळ एका घरगुती बागेत थांबलो होतो. मुन्नारबद्दल इथे भरपूर लिहून झालंय, म्हणून हा धागा फक्त त्या बागेतल्या चार तासांवर आहे. आम्ही सहा जण होतो : आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई आणि माझा भाऊ.

बाग चार एकरांची. मालकांचे आजोबा पन्नासच्या दशकात कोट्टायमकडून इथे आले आणि जंगल साफ करून राहिले. मालकांना आम्ही चेट्टन म्हणजे दादा म्हणत होतो, त्यांच्या बायकोला चेची म्हणजे ताई आणि ऐंशीच्या घरातल्या आईला अम्मची. वर माड आणि पोफळी, मधे पांगाऱ्यांवर चढलेले मिरीचे वेल, एखाददुसरं जायफळ, आणि त्या सगळ्यांच्या सावलीत कोको आणि रोबस्टा कॉफी. आपल्याला बाग म्हणजे ओळीत लावलेली झाडं अशी सवय असते. इथे शिरल्यावर पहिली पाच मिनिटं कोकोचं झाड कुठलं तेच कळेना.

मग फळं दिसली. फणसासारखी थेट खोडाला लागलेली, काही पिवळी, काही अजून हिरवी. त्यांच्या शेजारीच नखाएवढी पांढरट गुलाबी फुलं. चेट्टन म्हणाले की शंभर फुलांतून जेमतेम दोन-चार फळं धरतात, कारण परागीभवन करणारी चिलटं अगदी बारीक असतात आणि ती कुजणाऱ्या पाल्यात वाढतात. म्हणून झाडाखालचा पालापाचोळा ते झाडत नाहीत. फळ काढतानाही देठ चाकूने हलकेच कापायचा, ओढायचा नाही. देठाखालची फुगीर गादी दुखावली तर तिथे पुन्हा फुलं येत नाहीत.

फळ त्यांनी दगडावर आपटून फोडलं. कोयता वापरला तर आतल्या बियांना लागतं, बी कापली गेली की बुरशी धरते. आत पांढऱ्या गरात गुंडाळलेल्या चाळीसेक बिया, मधल्या दांड्याला चिकटून. गर चोखून बघा असं म्हणाले. सीताफळाचा गोडवा आणि पिकलेल्या रातांब्याचा आंबटपणा एकत्र केला तर जे होईल ते. मुलांनी अख्खं फळ संपवलं. चॉकलेटचा मात्र मागमूस नाही. मी एक बी चावली, आतून गर्द जांभळी निघाली, आणि हिरडा चावल्यासारखं तोंड बसलं.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घरामागच्या पडवीत तीन लाकडी खोकी होती, तळाला भोकं, वर केळीची पानं आणि गोणपाट. पहिल्यात दोन दिवसांच्या बिया : ताडीसारखा वास, खालून रस ठिबकतोय. दुसऱ्यात चार दिवसांच्या : नाकात जाणारा शिरक्याचा वास. चेची म्हणाल्या, हात घाला. मनगटापर्यंत हात घातला तर भाताच्या गरम हंड्यात घातल्यासारखं वाटलं. विस्तव नाही, ऊन नाही, नुसत्या आंबण्याने आतलं तापमान ४५ ते ५० अंशांवर जातं. त्या उष्णतेने आणि आम्लाने बीचा कोंब मरतो आणि आत चवीची घडण सुरू होते. दर दोन दिवसांनी ढीग वरखाली करायचा, म्हणजे सगळ्यांना सारखी हवा लागते. तिसऱ्या खोक्यात सहा दिवस पूर्ण झालेल्या बिया.

चेचींनी तिन्ही खोक्यांतली एकेक बी पाटावर ठेवून उभी कापली. दोन दिवसांची जांभळी आणि गच्च. चार दिवसांची कडेने तपकिरी, मधे जांभळी. सहा दिवसांची पूर्ण तपकिरी, आत अक्रोडाच्या गरासारख्या घड्या पडलेल्या. चेची म्हणाल्या, "चव इथेच होते. पुढे आम्ही ती फक्त सांभाळतो."

मग अंगणात चटयांवर आठवडाभर वाळवण. वाळली का हे बघायला मूठभर बिया घट्ट दाबायच्या आणि कानाशी धरायच्या, कुरकुर आवाज आला पाहिजे. मग कढईत मंद आचेवर भाजणं. टरफलं तडकली की अम्मचींनी सूप आणलं. सासूबाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि अशा काही लयीत पाखडायला लागल्या की अम्मची आधी बघत राहिल्या, मग आत जाऊन दुसरं सूप घेऊन आल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. अर्धा तास दोघी समोरासमोर बसून पाखडत होत्या आणि हातांनी एकमेकींना काहीतरी समजावत होत्या. माझ्यासाठी सगळ्या सहलीतला तो सगळ्यात सुंदर अर्धा तास होता.

दळायला इडलीचं पीठ वाटायचा कोइम्बतूरचा वेट ग्राइंडर. ७० भाग बिया, ३० भाग साखर, छत्तीस तास सतत फिरवायचं. दगड तोच, काम वेगळं.

शेवटी चाखणं. चेट्टननी दोन बश्या ठेवल्या. दोन्हींत ७० टक्क्यांचंच चॉकलेट, त्याच झाडांचं, तेवढंच भाजलेलं. फरक एकच : एक तीन दिवस आंबवलेल्या बियांचं, एक सहा दिवसांच्या. चावायचं नाही, जिभेवर ठेवून वितळू द्यायचं. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तोंडात आपोआप विरघळतं. पहिलं नुसतं कडू आणि तुरट. दुसऱ्यात आधी मनुका, मग चिंचेसारखा आंबटपणा, आणि मागे बराच वेळ राहणारा गुळाचा वास. सासूबाईंना गडद चॉकलेट कधी आवडत नाही. त्यांनी दुसऱ्या बशीतला तुकडा परत मागून घेतला.

कॉफीही तशीच. एकाच झाडांची रोबस्टा : एक फळासकट उन्हात वाळवलेली, एक गर काढून धुऊन वाळवलेली. शिवाय वरच्या उंचीवरच्या नातेवाइकांकडची थोडी अरेबिका, म्हणजे कॉफीची दुसरी मुख्य जात. वाट्यांत भरड पूड, वर उकळी मोडलेलं पाणी, चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने फोडायचा आणि नाक जवळ न्यायचं. मग चमच्याने भुरका मारत चाखायचं. धुतलेली स्वच्छ आणि हलकी, वाळवलेलीत फणसासारखा पिकलेला दरवळ.

निघताना अम्मचींनी गूळ घातलेली काळी कॉफी दिली, सोबत उकडलेला कप्पा म्हणजे टॅपिओका आणि कांथारी मिरचीची चटणी. फळापासून वाटीपर्यंत सगळं चाखल्यावर ती कॉफी फार वेगळी लागते.

प्रश्न असतील तर विचारा.

सह्यकडा
फार सुंदर लिहिलंय ताई. पाखडण्याचा प्रसंग घरी वाचून दाखवला. एक शंका. आम्ही तिकडच्याच एका मसाल्याच्या बागेत गेलो होतो. माणशी पैसे घेतले, वीस मिनिटांत पंधरा झाडांची नावं सांगितली आणि थेट दुकानात नेऊन सोडलं. तुमच्या बागेत खर्च किती आला आणि तो वसूल झाला असं वाटतं का?

रानवाटा
माणशी सातशे, मुलांना निम्मे. तुमच्यासारखाच अनुभव आम्हालाही मागच्या फेरीत आला होता, दुसऱ्या ठिकाणी. म्हणून या वेळी फोनवर तीन गोष्टी विचारल्या : बिया स्वतः आंबवता का, चॉकलेट इथेच दळता का, आणि एका वेळी किती माणसं घेता. तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तेव्हाच ठरवलं. सातशे रुपयांत चार तास, खाणं आणि तीन माणसांचा पूर्ण वेळ मिळाला. मला ते अगदी रास्त वाटले.

तांबडीकेतली
कॉफीचा भाग वाचून बरं वाटलं, विशेषतः रोबस्टाला मान दिल्याबद्दल. मी पुण्यात घरी कॉफी भाजते. आपल्याकडे रोबस्टा म्हणजे हलक्या दर्जाची अशी समजूत पक्की बसली आहे. तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं, त्यामुळे कडवटपणा जास्त, हे खरं. पण कडू लागण्याचं मोठं कारण वेगळं आहे : हिरवी, पिवळी, लाल फळं एकत्र ओरबाडायची आणि कशीही वाळवायची. पिकलेली तेवढीच खुडून नीट वाळवली तर रोबस्टा काय होते ते तुम्ही चाखलंच आहे. भारतात अरेबिकापेक्षा रोबस्टाच जास्त पिकते, तेव्हा तिच्याकडे नीट बघायलाच हवं.

बाबा बुदान यांनी १७व्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या ही कथा सगळ्यांना माहीत असते. ती अरेबिका होती. रोबस्टा आपल्याकडे पुष्कळ नंतर, पानांवरच्या तांबेऱ्याने अरेबिकाचं नुकसान व्हायला लागल्यावर रुजली.

एक विचारायचं होतं. वाट्यांत पूड किती घातली होती? मी घरी १५० मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम घेते.

रानवाटा
तेवढीच असावी. त्यांनी छोट्या काट्यावर आठ ग्रॅम मोजली होती, आणि सगळ्या वाट्यांत अगदी सारखी. चेट्टन म्हणाले की इथे चूक झाली तर पुढचं सगळं बोलणं व्यर्थ.

मेळघाटकर
कॉफी म्हटलं की सगळे दक्षिणेकडे बघतात म्हणून सांगतो. आमच्या चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत. इंग्रजांच्या काळापासूनची. लहानपणी आम्ही लाल फळं तोडून वरची साल चोखायचो, गोड लागते. कोणी येणार असाल तर नुसता पॉइंट बघून परत जाऊ नका, डिसेंबर-जानेवारीत झाडांवर फळं असतात. तुमच्या अम्मचींसारखं बसवून चाखायला देणारं कोणी आमच्याकडे उभं राहिलं तर किती चांगलं होईल. पर्यटक येतातच, त्यांना कॉफीच्या झाडाची ओळख करून द्यायला हवी.

माडाखाली
नमस्कार. गुहागर तालुक्यात आमची माड-पोफळीची दीड एकर बाग आहे. रत्नागिरीच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राने सांगितलेल्या लाखी बागेच्या पद्धतीने माडाखाली जायफळ, दालचिनी आणि मिरी आहे. कोकोचा विचार वडिलांच्या वेळेपासून चालू आहे, पण कोणी नीट सांगत नाही. दोन अडचणी. एक, वानर. केळीचा घड ते ठेवत नाहीत, खोडाला लागलेलं फळ काय ठेवणार. दुसरी, झाली फळं तर विकायची कुठे? घरी आंबवता येतं हे तुमचं वाचून नवीन कळलं. दहा-बारा झाडांच्या बियांत ते जमेल का?

पोफळबन
मी गेली वीस वर्षं दक्षिण कन्नडमधल्या पुत्तूरला आहे, शेतीच्याच कामात. माडाखाली यांना सविस्तर उत्तर देतो.

सावली तुमच्याकडे तयारच आहे. कोकोला साधारण निम्मी सावली मानवते, त्यामुळे माड आणि पोफळीत तो छान बसतो. पाण्याची मात्र हयगय नको. जानेवारी ते मे तुमच्या जांभ्याच्या जमिनीत ओल टिकत नाही, ठिबक लागेल. पावसाळ्यात फळं काळी पडून सडतात, तो बुरशीचा रोग आहे. पाऊस सुरू व्हायच्या आधी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) फवारायचं, आणि काळं पडलेलं फळ झाडावर ठेवायचं नाही, लगेच काढून लांब पुरायचं. दरवर्षी छाटणीही हवी, नाहीतर झाड वर वर जातं आणि आत हवा खेळत नाही.

वानरांचा उपाय माझ्याकडेही नाही, खरं सांगतो. आमच्याकडे माकडं आणि खारी दोन्ही आहेत. खारी फळाला भोक पाडून गर खातात आणि बिया खाली टाकतात. फळ पूर्ण पिकायची वाट न बघता रंग बदलला की काढून घरात ठेवणं, एवढंच आम्ही करतो.

विक्रीबद्दल. आमच्या भागात कॅम्पको आहे. सुपारी आणि कोको उत्पादकांची ही सहकारी संस्था १९७३ साली मंगळूरला सुरू झाली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कोकोचे भाव कोसळले, केरळात आणि आमच्याकडे लोकांनी झाडं तोडली. तेव्हा कॅम्पको खरेदीत उतरली आणि १९८६ साली पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखाना उभा केला. शेतकऱ्यांच्या संस्थेने एवढा मोठा कारखाना चालवणं ही साधी गोष्ट नाही, मला त्याचा फार अभिमान वाटतो. पण गुहागरहून ओल्या बिया इथवर पोचवणं परवडणार नाही. वाळवून ठेवलेल्या पाठवता येतील.

आंबवायला मात्र ढीग लागतो. चार-दोन किलोंत उष्णता धरत नाही, बिया नुसत्या आंबूस आणि बुरसट होतात. पन्नास किलोच्या पुढे खोकं नीट तापतं. कमी असतील तर बांबूची टोपली, आत केळीची पानं, वरून गोणपाटांचे थर, आणि शेजारपाजारच्या दोन-चार बागांच्या बिया एकत्र करा. आधी पंचवीस रोपं लावून बघा, एकदम एकर भरू नका.

माडाखाली
मनापासून आभार. एवढं स्पष्ट कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्या वाडीत तीन बागा लागून आहेत, टोपलीचं जमू शकेल.

दिवेलागण
शेतकऱ्याला यातून काय मिळतं ते कोणी लिहाल का? आपण सातशे रुपये देऊन चाखून आलो, पण बिया विकणाऱ्याचं काय?

रानवाटा
चेट्टनना मी हेच विचारलं होतं. त्यांच्या आजूबाजूचे बहुतेक लोक फळं फोडून ओल्या बियाच व्यापाऱ्याला देतात, त्याच दिवशी रोख पैसे मिळतात म्हणून. तीन किलो ओल्या बियांच्या साधारण एक किलो सुक्या होतात. सुक्या एक किलोला पंचवीसेक फळं लागतात. म्हणजे एका फळातून ७० टक्क्यांची एक लहान वडी निघते, हे गणित त्यांनी बोटांवर करून दाखवलं. २०२४ च्या उन्हाळ्यात सुक्या बियांचा भाव किलोला हजार रुपयांच्या आसपास गेला होता. आयव्हरी कोस्ट आणि घानामधलं पीक गेलं, आणि जगातला निम्म्याहून जास्त कोको तिथूनच येतो. मग भाव उतरला. तोडलेली झाडं पुन्हा लावणारे लोक त्या उन्हाळ्यात त्यांनी पाहिले, आणि आता तेच लोक परत विचारात पडलेत. ते स्वतः भावाच्या मागे धावत नाहीत, कारण त्यांच्या निम्म्या बिया घरच्याच चॉकलेटात जातात. सहा दिवस थांबायची ऐपत ज्याच्याकडे आहे त्यालाच चवीचे पैसे मिळतात. हे मला फार लागलं.

बेटावरून
मी हवाईच्या मोठ्या बेटावर कोनाला राहते. कोको आणि कॉफी दोन्ही व्यापारी प्रमाणात पिकवणारं अमेरिकेतलं हे एकच राज्य. तुमचं वर्णन वाचून इकडच्या बागा डोळ्यांसमोर आल्या : तेच आपटून फोडलेलं फळ, तीच लाकडी खोकी. फक्त इथे ज्वालामुखीची काळी खडकाळ जमीन आणि दुपारी हमखास येणारे ढग. कॉफी फुलते तेव्हा अख्खा उतार पांढरा होतो, लोक त्याला कोनाचा बर्फ म्हणतात.

इकडे फिरायला येणाऱ्यांना एक सांगायचंय. दुकानात 'कोना मिश्रण' लिहिलेली पाकिटं मिळतात, त्यांत फक्त १० टक्के कोना कॉफी असली तरी इथल्या कायद्याला चालत आलं आहे. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं भांडून २०२४ साली कायदा बदलून घेतला, २०२७ पासून निदान ५१ टक्के लागेल. तोवर घेताना '१०० टक्के' लिहिलंय का ते बघा, आणि शक्यतो बागेतूनच घ्या.

तांबडीकेतली
लेबलाचा विषय निघालाच आहे तर आपल्या घाटमाथ्यावरच्या 'होममेड चॉकलेट'बद्दल. लोणावळा, महाबळेश्वर, उटी, मुन्नार, सगळीकडे सुटं मिळतं. त्यातलं पुष्कळसं कंपाउंडपासून केलेलं असतं, म्हणजे कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती तूप. पाकिटावर घटक लिहिले असतील तर 'वनस्पती चरबी' शोधा. लिहिलेच नसतील तर एक तुकडा जिभेवर ठेवून बघा. खरं चॉकलेट स्वच्छ वितळून जातं, कंपाउंड टाळूला मेणासारखं चिकटून राहतं.

सह्यकडा
+१. मुलीने ही परीक्षा लगेच घरातल्या पाकिटावर केली. चिकटलं.

ताई, मे महिन्यात जायचा विचार आहे. तेव्हा दोन्ही बघायला मिळेल का? बरोबर पाच वर्षांची मुलगी आणि गुडघ्याचं दुखणं असलेली आई आहे.

रानवाटा
कोकोची फळं मे महिन्यात भरपूर असतात, तो तिकडचा मुख्य बहरच आहे. कॉफीची खुडणी मात्र संपलेली असेल, रोबस्टा डिसेंबर ते फेब्रुवारीत निघते. कॉफीचं फूल बघायचं असेल तर उन्हाळी पावसाची एखादी चांगली सर पडल्यावर आठवड्या-दहा दिवसांत जायला हवं, फेब्रुवारीअखेर ते एप्रिल कधीही. जाईसारखा वास येतो म्हणतात, मला अजून मिळालेला नाही.

बाग उतारावर आहे, पण खोकी, वाळवण आणि चाखणं सगळं घराजवळ सपाट जागेत होतं. आईंना पडवीत बसवा, त्यांचं काही चुकणार नाही. मुलीला पूर्ण पायांचे कपडे घाला. जूननंतर जाऊ नका, जळवा फार असतात आणि बियाही उन्हात वाळत नाहीत.

पोफळबन
रानवाटा, तुमच्या पहिल्या पोस्टमधली पाल्याची गोष्ट अगदी बरोबर आहे. आमच्याकडे लोक बाग झाडून लख्ख ठेवतात आणि मग फळधारणा कमी म्हणून तक्रार करतात. केळीच्या खोडांचे तुकडे झाडाखाली कुजत टाकले तरी ती चिलटं वाढतात.

माडाखाली
आज सकाळी बागेतच होतो. दरवर्षी या दिवसांत आम्ही माडाखालचा सगळा पातेरा गोळा करून भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला नेतो. या वर्षी जायफळाच्या दोन ओळींखालचा तसाच ठेवला आहे, आणि काढलेल्या केळीची खोडं चिरून त्यावर टाकली. शेजारच्या दोन्ही बागवाल्यांना धागा वाचून दाखवला. एकाचं म्हणणं, वानर. दुसरा दहा रोपं घ्यायला तयार आहे. माझी पंधरा धरून पंचवीस झाली. खड्डे मेमध्ये मारून ठेवतो, रोपं पहिल्या पावसावर लावू.